नगरसेवक व्हायचंय? मग आधी तुमचं नाव कुठल्या यादीत आहे ते बघा

२०१७ च्या फेब्रुवारीत आमच्या शहरात महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा मी उभा राहणार होतो. सहा वर्षं त्याच सोसायटीत राहत होतो, पाण्याच्या टाकीसाठी, ड्रेनेजसाठी वॉर्ड ऑफिसचे उंबरे झिजवले होते, घरपट्टी माझ्या नावावर, लाईटबिल माझ्या नावावर, मुलं तिथल्याच शाळेत. अर्ज आणायला गेलो तर टेबलावरच्या बाईंनी एकच गोष्ट विचारली, "यादी भाग आणि अनुक्रमांक सांगा." मी वोटर कार्ड पुढे केलं. त्यांनी ते उलटून पत्ता वाचला आणि परत दिलं. कार्ड गावाकडचं होतं. विधानसभेला मी गावीच जाऊन मत देऊन यायचो, त्यामुळे नाव शहरात आणायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिथेच विषय संपला, पुढे अर्जाचं पानही उघडलं नाही.

या वेळी म्हणजे जानेवारी २०२६ च्या निवडणुकीला आमच्या प्रभागातली एक जागा महिला राखीव निघाली आणि वहिनी उभी राहिली. तिची सगळी कागदपत्रं मी केली, आणि राहण्याचा पत्ता आणि मतदार यादी या एका विषयावर लोक किती ठिकाणी अडकतात ते जवळून बघितलं. चांगली कामं करणारी, गल्लीतल्या प्रत्येक घरात ओळख असलेली माणसं निव्वळ यादीपायी बाहेर राहतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं लिहून काढतोय. हे महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांबद्दल आहे, दुसऱ्या राज्यात कायदा वेगळा असतो.

१. नियम नक्की काय आहे ते डोक्यात पक्कं करा

बहुतेकांना वाटतं की "शहरात अमुक वर्षं राहिलेलं असलं पाहिजे" असा काहीतरी नियम असणार. तसा वर्षांचा नियम आपल्याकडे नाहीये. वय २१ पूर्ण पाहिजे आणि त्या शहराच्या मतदार यादीत तुमचं नाव पाहिजे, या दोन मूळ अटी आहेत. महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे, मुंबईला तिचा स्वतःचा १८८८ चा कायदा आहे, आणि नगरपरिषदा नगरपंचायतींना १९६५ चा. तिन्हीकडे गाभा हाच, की नाव यादीत आहे का.

म्हणजे तुम्ही वीस वर्षं राहताय पण यादीत नाव नाही, तर तुम्ही बाहेर. आणि दोन वर्षांपूर्वी आलात पण नाव रीतसर यादीत आलंय, तर तुम्ही आत.

तुलना करायची तर बघा, लोकसभेला साधारणपणे देशातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार चालतो, विधानसभेला त्या राज्यातला कुठलाही चालतो, राज्यसभेची तर त्याच राज्यात राहण्याची अट २००३ मध्ये काढूनच टाकली. शहराच्या निवडणुकीला मात्र त्या शहराचाच मतदार लागतो. जितकं खाली याल तितकं वर्तुळ लहान होतं आणि मला हे योग्य वाटतं, कारण नगरसेवकाचं काम गटार, नळ, दिवे, कचरा यांचं आहे आणि ते त्याच रस्त्यावरून रोज जाणाऱ्यालाच कळतं.

काही देशांत थेट राहण्याची मुदत मोजतात. शिकागोला महापौरपदासाठी निवडणुकीआधी एक वर्ष शहरात राहिलेलं असावं लागतं, आणि २०११ मध्ये त्या पदाचे उमेदवार राम इमॅन्युएल यांचं प्रकरण त्यावरून राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. ते वॉशिंग्टनला नोकरीला होते, शिकागोचं घर भाड्याने दिलेलं, थोडं सामान तिथेच ठेवलेलं. परत यायचा इरादा होता म्हणून रहिवास सुटला नाही असं धरून कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे वर्ष मोजत नाहीत, पण "राहणं म्हणजे काय" हा प्रश्न यादीत नाव घालताना येतोच, तो खाली सांगतो.

२. तुमचं घर कुठल्या हद्दीत आहे ते खात्री करून घ्या

हे ऐकायला सोपं वाटतं पण शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी इथे थांबून नीट बघा. पोस्टाच्या पत्त्यात शहराचं नाव आहे म्हणजे तुम्ही महापालिकेत आहात असं नसतं.

एक, हद्दी बदलतात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ ला पुणे महापालिकेत आली आणि २०२४ ला बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. घर हललं नाही, माणूस हलला नाही, पण निवडणूक बदलली.

दोन, कॅन्टोन्मेंट. पुणे, खडकी, देवळाली, कामठी अशा ठिकाणी छावणी परिषदेच्या हद्दीत राहणारे लोक विधानसभेला आजूबाजूच्या शहरासोबतच मत देतात, म्हणून त्यांना वाटतं की आपण महापालिकेचेही मतदार आहोत. तसं नाही. विधानसभेचा एकच मतदारसंघ महापालिका, कॅन्टोन्मेंट आणि ग्रामपंचायत अशा तिन्हींवर पसरलेला असू शकतो, तेव्हा नुसता विधानसभा मतदारसंघाचा नंबर बघून काही ठरवू नका. घरपट्टीची पावती कोण देतं ते बघा. ग्रामपंचायतीची पावती असेल तर तुम्ही अजून गावात आहात, मग खिडकीतून महापालिकेचा दिवा दिसत का असेना.

तीन, प्रभागाची हद्द. ती रस्त्याच्या मधून जाते, नाल्यावरून जाते. आमच्या सोसायटीच्या ए आणि बी विंग एका प्रभागात आणि मागच्या गल्लीत उघडणारी सी विंग शेजारच्या प्रभागात अशी स्थिती आहे, तीन विंगचं गेट एकच. प्रभाग रचनेचा नकाशा निघतो तो समोर ठेवून हद्दीचं वर्णन एकेक ओळ वाचा, "अमुक चौकापासून उत्तरेकडे नाल्याने" असं लिहिलेलं असतं, आणि जमलं तर त्या ओळीवरून पायी चालून या. मी चाललो होतो, तासभर लागला, आणि सी विंगचा घोळ त्या दिवशीच कळला.

३. यादीत नाव शोधा आणि आकडे लिहून ठेवा

केंद्रीय निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा त्यांच्या मोबाइल अॅपवर नाव शोधता येतं, १९५० वर फोन करूनही विचारता येतं. कार्डावरचा नंबर टाकून शोधा, नुसत्या नावाने शोधलं तर एकाच नावाची दहा माणसं निघतात.

आता इथे मोठा खड्डा आहे. अॅपवर दिसतो तो विधानसभेच्या यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. महापालिकेच्या निवडणुकीला राज्य निवडणूक आयोग तीच विधानसभेची यादी घेतो, पण ती फोडून प्रभागनिहाय यादी करतो आणि त्यात अनुक्रमांक वेगळा पडतो. नामनिर्देशनपत्रात प्रभागाच्या यादीतला नंबर लागतो. वहिनीच्या बाबतीत विधानसभेच्या यादीत एक नंबर आणि प्रभाग यादीत भलताच, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. वहीत दोन रकाने करा, एक विधानसभेचा, एक प्रभागाचा, आणि सूचक अनुमोदकांचेही (म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवणारे आणि त्याला दुजोरा देणारे मतदार) तसेच दोन्ही लिहा.

दोन आयोग वेगळे आहेत हेही लक्षात असू द्या. नाव घालणं, काढणं, पत्ता बदलणं हे सगळं केंद्रीय आयोगाच्या यंत्रणेकडे. प्रभाग यादी, उमेदवारी, मतदान हे राज्य निवडणूक आयोगाकडे. एकाच्या कामासाठी दुसऱ्याच्या ऑफिसात तासन्‌तास बसलेले लोक मी बघितलेत.

४. नाव हलवायचं असेल तर फॉर्म ८ भरा, फॉर्म ६ नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

फॉर्म ६ हा पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी आहे. ज्याचं नाव देशात कुठेही आधीच आहे आणि फक्त घर बदललंय, त्याने फॉर्म ८ भरायचा, मग त्याच मतदारसंघात घर बदललेलं असो किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असो. पूर्वी त्याच मतदारसंघातल्या बदलाला ८अ होता, २०२२ पासून तो गेला आणि सगळं ८ मध्येच आलं. दुरुस्ती, नवीन कार्ड, घर बदल, सगळं ८. फॉर्म ७ हा नाव काढण्यासाठी किंवा हरकतीसाठी.

लोक काय करतात, सायबर कॅफेत जातात, तिथला मुलगा घाईत फॉर्म ६ भरून देतो कारण त्याला तोच माहिती असतो. मग गावाकडचं नाव तसंच राहतं आणि शहरात नवीन नाव येतं. फॉर्म ६ मध्ये तुम्ही सही करून सांगितलेलं असतं की माझं नाव दुसरीकडे कुठेही नाही, म्हणजे ते खोटं ठरतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि कलम ३१ प्रमाणे खोटं निवेदन हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. उमेदवार होऊ बघणाऱ्या माणसाच्या नावावर हे असणं म्हणजे विरोधकांच्या हातात आयतं कोलीत.

आता "राहणं" म्हणजे काय. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये सांगितलंय की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी होत नाही, आणि थोडे दिवस बाहेर गेला म्हणून रहिवास जातही नाही. म्हणजे प्रभागात गुंतवणुकीसाठी घेतलेला, भाड्याने दिलेला फ्लॅट असेल आणि तुम्ही राहता दुसरीकडे, तर त्या फ्लॅटच्या पत्त्यावर नाव घालू नका. नात्यातल्या कुणाच्या पत्त्यावर नाव टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, मला तिघांनी दिला होता. देऊ नये असा सल्ला आहे तो. ज्या वॉर्डात झोपत नाही त्या वॉर्डाचे मतदार म्हणून सही करून लोकांपुढे मत मागायला जायचं, हे मनाला पटायला नको.

तशी गरजही पडत नाही. शहराच्या यादीत कुठल्याही प्रभागात नाव असलं तरी त्याच शहरातल्या दुसऱ्या प्रभागातून उभं राहता येतं. मग खोटा पत्ता कशाला?

भाडेकरूंनी अजिबात मागे राहू नका. घर भाड्याचं आहे म्हणून यादीत नाव येत नाही हा निव्वळ गैरसमज आहे. रजिस्टर केलेला लिव्ह अँड लायसन्स करार चालतो. हॉस्टेलवर राहणारे विद्यार्थी हॉस्टेलच्या पत्त्यावर किंवा घरच्या, दोन्हीपैकी एका ठिकाणी नाव ठेवू शकतात. आणि ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठीसुद्धा सोय आहे, बीएलओने (म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने) रात्री जाऊन तो माणूस तिथे झोपतो का ते बघायचं आणि नाव घ्यायचं. हे मला कळलं तेव्हा खरंच बरं वाटलं.

५. पत्त्यासाठी कुठले कागद

यातला एक पुरतो, पण मी म्हणेन दोन जवळ ठेवा:

- आधार कार्ड, पण त्यावर आत्ताचाच पत्ता पाहिजे
- पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, त्या पत्त्यावर कनेक्शन निदान वर्षभर जुनं असलेलं
- बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक
- पासपोर्ट
- स्वतःचं घर असेल तर नोंदणीकृत खरेदीखत
- भाड्याचं असेल तर नोंदणीकृत भाडेकरार
- महसूल खात्याचा जमिनीचा उतारा

शंभर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेला भाडेकरार लोक घेऊन येतात. त्याच्यावर अवलंबून राहू नका, रजिस्टर केलेलाच करा. आपल्या राज्यात तसाही भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे.

६. बीएलओ येतील तेव्हा घरी कुणीतरी असू द्या

अर्ज ऑनलाइन भरला म्हणजे झालं असं समजून लोक निवांत होतात. अर्ज बीएलओकडे जातो, ते घरी येऊन चौकशी करतात, हरकतींसाठी सात दिवस ठेवतात, मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. बीएलओ बहुतेक वेळा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, स्वतःची नोकरी सांभाळून उन्हातान्हात फिरत असतात. दाराला कुलूप दिसलं की शेजारी विचारतात, आणि शेजारी म्हणाले की "इथे कोणी राहत नाही बहुतेक", की गेला अर्ज.

वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. लेटरबॉक्सवर आणि दारावर नावाची पाटी लावा. वहिनीच्या दारावर फक्त दादाचं नाव होतं, आम्ही तिचं नाव घातलेली पाटी करून घेतली. फालतू वाटतं पण बीएलओ बाईंनी वर बघून तीच पाटी वाचली आणि मगच बेल वाजवली.

अर्जाचा रेफरन्स नंबर जपून ठेवा आणि आठवड्यातून एकदा स्टेटस बघा. नामंजूर झाला तर कारण लिहिलेलं असतं, तेवढं दुरुस्त करून परत भरता येतो.

७. यादी एका तारखेला गोठते, ती तारीख तुमची खरी डेडलाइन

हे कळलं नाही तर वरचं सगळं वाया जातं.

राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशी विधानसभेची यादी जशी असेल तशी उचलतो. त्यानंतर तुमचं नाव विधानसभेच्या यादीत आलं तरी या निवडणुकीला त्याचा उपयोग नाही. जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांसाठी मतदान झालं, पण यादी घेतली होती १ जुलै २०२५ ची. नगरपरिषदांच्या निवडणुकीलाही तीच. मतदान १५ जानेवारीला, अर्ज २३ ते ३० डिसेंबर, आणि यादीचा दरवाजा बंद झाला होता जुलैत. जुलै ते मतदान, मधे साडेसहा महिने! ऑगस्टमध्ये गणपतीच्या मांडवात "या वेळी उभं राहायचंच" असं ठरवलेल्या आमच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याने लगेच सप्टेंबरात फॉर्म ८ भरला, मंजूरही झाला, नवीन कार्ड हातात आलं, आणि तरी प्रभाग यादीत नाव नव्हतं. त्याला ते कार्ड हातात घेऊन उभं राहिलेलं बघवत नव्हतं.

म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. आपल्याकडच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या, २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने घ्यायला सांगितल्या तेव्हा गाडी हलली, त्यामुळे कधी लागेल ते कुणालाच सांगता येत नाही. आत्ता घर बदललंय तर आत्ताच फॉर्म ८ भरा. १८ पूर्ण होणाऱ्या मुलांसाठी आता वर्षातून चार अर्हता तारखा (म्हणजे वय मोजायच्या तारखा) आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे घरातल्या मुलांचीही नावं घालून घ्या.

८. प्रारूप प्रभाग यादी आली की त्याच दिवशी बघा

गोठवलेली यादी प्रभागांत वाटून प्रारूप म्हणजे कच्ची यादी म्हणून लावतात आणि हरकतीला थोडेच दिवस देतात. या वेळी नोव्हेंबरात प्रारूप आली आणि डिसेंबरात अंतिम झाली.

या टप्प्यावर काय होऊ शकतं? विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभाग यादीत सुटलं, तर घालून मिळतं. चुकून शेजारच्या प्रभागात गेलं, तर परत आणता येतं. लेखनिकाची चूक असेल तर दुरुस्त होते. पण नवीन नाव घालणं, कुणाचं काढणं किंवा पत्ता बदलणं, हे इथे होत नाही. लोक रांगा लावून हेच मागत होते आणि कर्मचारी प्रत्येकाला तेच उत्तर देत होते.

आमच्या सोसायटीत बी विंगचे तेवीस मतदार सी विंगसोबत शेजारच्या प्रभागात ढकलले गेले होते. आम्ही हरकत दिली, सोबत प्रभागाचा नकाशा, बी विंगच्या घरपट्टीच्या पावत्या आणि विधानसभा यादीतलं पान जोडलं, अधिकारी येऊन बघून गेले आणि अंतिम यादीत नावं परत आली. हरकत देताना पोचपावती घ्या, शिक्का आणि तारीख असलेली.

९. नावापुढे दोन चांदण्या दिसल्या तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका

२०२५-२६ च्या याद्यांमध्ये संभाव्य दुबार नावांपुढे अशी खूण केली होती. खूण म्हणजे नाव काढलं असं नाही. अशा मतदाराकडून तो कुठल्या केंद्रावर मत देणार ते लिहून घेत होते आणि बाकी कुठे देणार नाही असं हमीपत्र. सारख्या नावामुळे दुसऱ्याच माणसाशी जोडी लागलेली असली तर तसं लगेच लेखी द्या. आणि खरंच दोनदा नाव असेल तर एक काढायला फॉर्म ७ भरा, स्वतःहून, कुणी सांगायच्या आधी.

१०. बायकांसाठी खास: माहेरचं नाव, सासरचं नाव

निम्म्या जागा महिलांना आहेत, २०११ पासून आपल्या राज्यात ५० टक्के. आणि नेमका घोळ बायकांच्या कागदातच होतो. वहिनीचं आधार सासरच्या नावाने, दहावीचं सर्टिफिकेट माहेरच्या, मतदार यादीत पहिलं नाव सासरी बदललेलं आणि त्यातही वेलांटी चुकलेली. लग्नानंतर माहेरच्या गावातलं नाव तसंच राहून जातं ते वेगळंच.

यादीत जसं आहे तसंच नाव अर्जात लिहा. बाकी कागदांसाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ ठेवा, नाहीतर "दोन्ही नावांची व्यक्ती मीच" असं शपथपत्र करून ठेवा. वेळ असेल तर फॉर्म ८ ने नावच दुरुस्त करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी त्रास नाही.

११. प्रमाणित उतारा आणि सूचक-अनुमोदक

अंतिम यादी लागली की तुमच्या नावाचं पान प्रमाणित करून घ्या. तुम्ही दुसऱ्या प्रभागातून उभे राहत असाल तर हे लागतंच, कारण त्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर तुमच्या प्रभागाची यादी नसते. आपल्याच प्रभागातून उभे असाल तरी घ्या.

उमेदवाराला शहरात कुठेही नाव चालतं, पण सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागाचे मतदार पाहिजेत. किती लागतात ते पक्षाचे उमेदवार आहात की अपक्ष, आणि महापालिका आहे की नगरपरिषद, यावर बदलतं, तेव्हा त्या निवडणुकीच्या सूचना वाचून घ्या आणि लागतात त्यापेक्षा दोन माणसं जास्त तयार ठेवा. सी विंगमधले एक काका वहिनीचे सूचक व्हायला आनंदाने तयार होते, आमचेच शेजारी, पण प्रभाग वेगळा. नकाशा बघितला नसता तर अर्ज तिथेच गेला असता.

१२. घराशी जोडलेल्या बाकीच्या गोष्टी

घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी भरून दाखला घ्या, शेवटच्या आठवड्यात त्या खिडकीवर पाय ठेवायला जागा नसते. भाड्याने राहत असाल तर घरमालकाकडून पावतीची झेरॉक्स आधीच मागून ठेवा, आमच्याकडे एकाला विचारली होती.

राहत्या घरात शौचालय आहे आणि ते वापरता असं लिहून द्यावं लागतं.

आणि बांधकाम. तुम्ही, तुमच्या जोडीदाराने किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुणी बेकायदा बांधकाम केलेलं असेल तर नगरसेवकपद जाऊ शकतं, त्यासाठी महापालिका कायद्यात कलमच आहे. गच्चीवर टाकलेली खोली, पुढे वाढवलेला गाळा, हे सगळं उमेदवारीआधी सरळ करा. (१२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं, जात वैधता वगैरे अटी वेगळ्या आहेत, त्या इथे घेत नाही.)

शपथपत्रात, अर्जात आणि यादीत पत्ता सारखा आहे ना ते एकदा मोठ्याने वाचून घ्या. फ्लॅट नंबर ३०२ आणि ३/२ असा फरकसुद्धा कुणीतरी उचलून धरतं.

१३. छाननीच्या दिवशी

या वेळी छाननी ३१ डिसेंबरला होती. उमेदवाराने स्वतः हजर राहा, सोबत कागद समजणारा एक माणूस. फाइलमध्ये सगळ्यात वर प्रमाणित उतारा, त्याखाली सूचक आणि अनुमोदकांच्या नावांची पानं, त्यांच्या ओळी पेन्सिलने खूण केलेल्या, मग थकबाकी दाखला, मग आधार, मग नावाचे कागद.

समोरच्या बाजूने वहिनीवर हरकत आली की या बाई मूळच्या दुसऱ्या तालुक्यातल्या, तिकडेही नाव आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी यादी मागितली. आम्ही उतारा पुढे केला, त्यांनी पट्टी ठेवून ओळ शोधली, नाव, वय, घर क्रमांक वाचला, नावापुढे खूण नाही हे बघितलं. मग मी माहेरच्या यादीतून नाव वगळल्याचं पान दिलं, जे फॉर्म ८ मंजूर झाल्यावर पोर्टलवरून काढून ठेवलं होतं. अधिकाऱ्यांनी ते दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पुन्हा एकदा वाचले, हरकत फेटाळली आणि अर्जावर "वैध" लिहून पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं.